आंतरवासितेत वर्गाचे नियम: तयार न्यावेत की मुलांसोबत ठरवावेत?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याच्या सरावासाठी, शाळेत जाताना वर्ग-व्यवस्थापनाचा आराखडा लागतो. तिथे दोन वाटा दिसतात.

तयार नियमांचा फायदा म्हणजे वेळ वाचतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हजेरी, फळा पुसणं, वह्या काढणं यातच बराच वेळ जातो. शिवाय वर्ग मुळात दुसऱ्या बाईंचा. त्यांची घडी विस्कटून चालत नाही.

मुलांसोबत नियम ठरवायला एखादी तासिका खर्ची पडते, पण ते टिकतात. सातवीच्या वर्गाला "गोंगाट कधी त्रासदायक होतो?" असं विचारून बघा. "मागं ऐकू येत नाही," हे शेवटच्या बाकावरून येतं, आणि मग "एका वेळी एकानं बोलायचं" हा नियम त्यांचाच होतो. नियम मोडल्यावर काय करायचं, हेही तेव्हाच ठरवा. मुलं स्वतःच कडक शिक्षा सुचवतात. तिथे ठाम राहा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, म्हणजे अंगठे धरून उभं करणंही बाद.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. फक्त प्रयोगशाळेत आणि मैदानावर सुरक्षिततेचे नियम तयारच न्या, तिथे चर्चा नको.