नागपूरहून बेटांची सहल: रामेश्वरम, अंदमान की नर्मदा?

हाताशी तीन ते आठ दिवसांची सुट्टी आहे, घरच्यांना पाणी बघायचंय आणि गाडी चालवणाऱ्याला चांगला रस्ता हवाय. नागपुरातून असा बेत आखताना माझ्या मते तीन ठिकाणांचा विचार करावा: रामेश्वरम, अंदमान आणि नर्मदेच्या पाण्यातली ओंकारेश्वर-हनुवंतियाची बाजू. बहुतेक लोक तुलना खर्चापासून सुरू करतात. मी आधी विचारतो, गाडीत बसण्याचं सुख नेमकं कुठे मिळणार? नर्मदेला जाताना सगळी मजा घर ते काठ या रस्त्यात आहे, बेटावर पायीच फिरायचं असतं. अंदमानात गाडी बेटावर मिळते, पण ती कधी हलणार हे जेट्टी आणि फाटक ठरवतं. रामेश्वरमला मात्र रस्ता स्वतःच समुद्रात शिरतो. पाच-सहा दिवसांची सुट्टी असेल तर माझं मत रामेश्वरमला आहे.

रामेश्वरम: शेवटचे वीस किलोमीटर

वर्धा रोडने बाहेर पडलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ हैदराबाद, बेंगळुरू, सेलम करत थेट मदुराईला नेतो. एकच महामार्ग, वळायचं कुठे नाही, त्यामुळे घरूनच गाडी काढायचा मोह होतो. पण रामेश्वरमपर्यंतचं अंतर १,६०० ते १,७०० किलोमीटर आहे. जाताना वाटेत दोन मुक्काम, येताना दोन. नऊ-दहा दिवस आणि चालवणारे दोघं असतील तर जरूर जा, नाहीतर मदुराईपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घ्या. तिरुक्कुरल एक्सप्रेस आणि तमिळनाडू संपर्क क्रांती या गाड्या नागपूरहून थेट मदुराईला जातात, पण रोज नाहीत. म्हणून सुट्टीच्या तारखा गाडीच्या वारांप्रमाणे बसवाव्या लागतात. रेल्वेचा प्रवास एका दिवसाहून मोठा आहे. विमानाने जायचं तर हैदराबाद किंवा बेंगळुरूला बदलून मदुराई गाठता येतं.

मदुराई ते रामेश्वरम साधारण १७० किलोमीटर, तीन-साडेतीन तास. मानामदुराई, परमकुडी, रामनाथपुरम अशी गावं मागे पडतात, हिरवी शेतं विरळ होतात, ताडाची झाडं वाढतात आणि मंडपमनंतर एकदम पांबनचा पूल सुरू होतो. रस्त्याचा हा पूल १९८८ मध्ये खुला झाला, लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. त्याच्या उंचीवरून खाली शेजारचा रेल्वेपूल दिसतो. १९१४ चा जुना पूल आता निवृत्त आहे. ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. मुलं बरोबर असतील तर हा उचलता पूल त्यांना आधीच समजावून सांगा, खिडकीतून त्यांची नजर हटणार नाही. मात्र फोटोसाठी पुलावर गाडी थांबवू नका. मागून बस आणि ट्रक वेगात येत असतात.

रामेश्वरमहून धनुष्कोडीकडे निघालं की खरा रस्ता सुरू होतो. अरिचल मुनै या टोकापर्यंत वीसेक किलोमीटर. २०१७ पर्यंत शेवटचा टप्पा वाळूतून जीपने किंवा पायी करावा लागे, आता डांबरी सडक अगदी टोकाला जाते. डाव्या हाताला पाल्कच्या उपसागराचं पाणी, बहुधा शांत, तळ्यासारखं. उजव्या हाताला मन्नारचं आखात, तिथे लाटा दगडी बंधाऱ्यावर आपटतात. मधे रस्त्याचा काळा पट्टा आणि त्याच्या कडेला वाऱ्याने सारून आणलेली वाळू. वाळू इतकी बारीक असते की काच खाली केली की दातांखाली येते. वळण जवळपास नाहीच, त्यामुळे वेग वाढवावासा वाटतो, पण दुचाकीवाल्यांना आडवा वारा ढकलतो. रस्ता संपतो तिथे अशोकस्तंभाला वळसा घालायचा आणि त्याच वाटेने परत. तलैमन्नार, म्हणजे श्रीलंकेचं टोक, तिथून तीसेक किलोमीटरवर आहे.

परत येताना घाई करू नका. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव धुऊन नेलं. पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी शंभराहून जास्त माणसांसह समुद्रात गेली. चर्चच्या उघड्या भिंती आणि रेल्वेच्या इमारतींचे अवशेष अजून उभे आहेत. त्यांच्याच आसऱ्याला मच्छीमारांच्या झोपड्या, शिंपल्यांच्या माळा आणि ताजे तळलेले मासे. इथे सेल्फी काढून पळणाऱ्या गाड्या बघितल्या की वाईट वाटतं. मुलांना गाडीतून उतरवा, त्या भिंतींपाशी उभं करा, काय झालं ते सांगा. संध्याकाळनंतर चौकीवरून पुढे गाड्या सोडत नाहीत, म्हणून सूर्योदयानंतर लगेच किंवा दुपारी चारच्या आत निघालेलं बरं. हिवाळ्याच्या शेवटी कोदंडरामर मंदिराजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर बरोबर घ्या.

मराठी घरांना रामेश्वरम वेगळं सांगावं लागत नाही. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची, हा आपल्याकडचा जुना संकल्प. नाथांनी ती गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आजीकडून ऐकलेली असतेच. रामनाथस्वामी मंदिरातल्या बावीस तीर्थांचं स्नान म्हणजे एका विहिरीकडून दुसरीकडे ओल्या अंगाने चालत राहायचं आणि प्रत्येक ठिकाणी डोक्यावर बादली घ्यायची. कोरडे कपडे जवळ ठेवा, ओलेत्याने गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र ओल्या दगडी फरशीचा विचार करून ठरवावं. पेई करुंबू इथे डॉ. अब्दुल कलाम यांचं स्मारक आहे. ते जन्माने रामेश्वरमचेच. कुंदुकल इथे विवेकानंदांचं स्मारक आहे, पाश्चात्त्य देशांतून परतताना ते जानेवारी १८९७ मध्ये पांबनला उतरले होते. मुलांसाठी या दोन्ही जागा मंदिराइतक्याच महत्त्वाच्या मानतो.

दोन रात्री बेटावर, एक मदुराईत मीनाक्षीसाठी. एवढ्यात मन भरतं. पोहायला निळंशार पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर मात्र रामेश्वरम तुमचं समाधान करणार नाही. त्यासाठी अंदमानच.

अंदमान: एक निवडा, दोन्ही नाही

अंदमानच्या बेतात सगळ्यात मोठी गफलत होते ती 'सगळं बघू' म्हणण्यात. इथे दोन वेगळ्या सहली आहेत. एक पाण्यावरची: पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम), तिथून बोटीने स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, आणि शहीद द्वीप म्हणजे नील. दुसरी रस्त्यावरची: अंदमान ट्रंक रोडने बाराटांग, रंगत, मायाबंदर करत डिगलीपूरपर्यंत, सुमारे ३२५ किलोमीटर. आठ दिवसांत जायचे-यायचे दोन वजा केले की सहा उरतात. त्यात दोन्ही कोंबलं तर अर्धा वेळ जेट्टीवर बॅगांवर बसून जातो.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने पहिली निवडावी. हॅवलॉकला भाड्याने स्कूटर घ्या. मुख्य रस्ते दोनच, एक राधानगर किनाऱ्याकडे, दुसरा कालापत्थरकडे. जेट्टीपासून राधानगर साधारण बारा किलोमीटर, नारळी-पोफळीतून, मधे उंच झाडांचं जंगल. नीलला सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर हे किनारे इतके जवळ आहेत की सायकलही पुरते. लक्षात ठेवायची एक गोष्ट म्हणजे सूर्य. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला इतकी लांब की डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. नागपूरच्या सवयीने जेवून, झोपून चारला राधानगरला निघालात तर अंधारात परतावं लागेल. पहाटे साडेपाचला उठा, दिवस तिथूनच सुरू होतो.

ट्रंक रोड ज्यांना चालायचं-बघायचं वेड आहे त्यांच्यासाठी. पण त्याला रोड ट्रिप म्हणताना एक गोष्ट स्पष्ट असावी. जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा सुमारे पन्नास किलोमीटरचा पट्टा जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या दिवसातून ठरावीक वेळांनाच पोलिसांच्या ताफ्यात सोडतात, त्यामुळे भल्या पहाटे फाटकाशी रांगेत लागावं लागतं. मधे थांबायचं नाही, पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. जारवा दिसतील का, असं ड्रायव्हरला विचारणारे प्रवासी असतात. हे फार चुकीचं आहे. ती त्यांची राहती जागा आहे आणि आपण तिच्यातून जातोय. मनाला पटत नसेल तर उत्तरेकडे सरकारी बोटीनेही जाता येतं. भाड्याची गाडी बहुधा चालकासहच मिळते, म्हणजे स्टिअरिंग हातात घेण्याची हौस इथे फारशी भागत नाही.

पलीकडे गेल्यावर मोबदला मोठा आहे. मिडल स्ट्रेटला गाडीसकट फेरीवर चढून बाराटांग. मग लहान बोटीने खारफुटीच्या बोगद्यासारख्या वाटेतून चुनखडीच्या गुहा. डिगलीपूरला रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या दांड्याने जोडलेली, भरतीला दांडा पाण्याखाली जातो. सॅडल पीक हे अंदमानातलं सर्वांत उंच शिखरही तिथेच, ७३० मीटरच्या वर.

आणि कुठलीही सहल निवडा, सेल्युलर जेलला अर्धा दिवस ठेवा. सात विंगांपैकी तीन उरल्या आहेत. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. कोठडीच्या दारात उभं राहिलं की समोर दुसऱ्या विंगची पाठ दिसते. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून बांधकामच तसं केलेलं. हे पुस्तकातून कळतं, पण त्या दारात उभं राहून जे कळतं ते वेगळं.

नागपूरहून हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. तिन्हींत हाच पर्याय सगळ्यात महाग. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, तेव्हा हातात एक मोकळा दिवस असलाच पाहिजे.

नर्मदा: आपली गाडी, आपली वेळ

तीन दिवसच आहेत, आजी-आजोबा बरोबर आहेत, विमान-रेल्वेची कटकट नको, तर सावनेर, पांढुर्णा, मुलताई करत बैतूल गाठा. मुलताईला तापीच्या उगमापाशी थांबता येतं. पुढे हरदा, खंडवा. हनुवंतियापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर, घाट-जंगलाचा भाग धरून आठ-नऊ तास. पहाटे निघा, म्हणजे घाट उजेडात पार होतो.

हनुवंतिया इंदिरा सागर धरणाच्या काठावर आहे. पाण्यात डोंगरांचे माथे बेटांसारखे वर राहिलेत, बोटीने त्यांच्यामधून फिरता येतं. याच पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद गाव गेलं, तेव्हा बोटीत बसताना त्याची आठवण ठेवावी. तिथून ओंकारेश्वर. मांधाता बेटावर ज्योतिर्लिंग, वर २०२३ मध्ये उभा राहिलेला आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा, आणि बेटाभोवती सुमारे सात किलोमीटरची पायी परिक्रमा. गाडी अलीकडच्या काठावर ठेवून पुलाने जायचं. एक दिवस वाढवता आला तर महेश्वर सोडू नका. अहिल्याबाईंचा घाट आणि हातमागाचा आवाज, दोन्ही मराठी माणसाला आपले वाटतात.

महिना बघून ठरवा

तिन्हींचा हंगाम सारखा नाही, आणि इथेच बेत फसतात. दिवाळीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो, बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ असतो. त्याच वेळी इंदिरा सागर मात्र तुडुंब असतो. म्हणून दिवाळीत नर्मदा. मे महिन्यात धरण उतरतं, काठाची माती उघडी पडते, तेव्हा तिकडे जाऊ नका. मेमध्ये नागपूर पंचेचाळीसला पोचलेलं असताना रामेश्वरमचा समुद्रवारा सुसह्य वाटतो, पण वाळूवरून अनवाणी चालणं दहानंतर शक्य नाही. अंदमानात मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो, म्हणून शाळा सुटल्या की लगेच जा किंवा जाऊच नका. जानेवारी ते मार्च दोन्ही समुद्रांना उत्तम. दहावी-बारावी घरात नसेल तर हेच दिवस धरावेत.

अंदमान ठरलं तर आधी विमान, लगेच बेटांमधल्या बोटी, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. बोटीच्या वेळेप्रमाणे मुक्काम हलवता येतो, मुक्कामाप्रमाणे बोट हलत नाही. परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच राहा. सकाळच्या बोटीवर विसंबून दुपारचं विमान धरू नका. रामेश्वरमसाठी अमावास्या टाळून तारखा घ्या, त्यात आडी आणि तै या तमिळ महिन्यांच्या अमावास्येला तर पितृकार्यासाठी आलेल्या लोकांनी गाव भरून जातं. नर्मदेसाठी फक्त हनुवंतियाची खोली आधी पक्की करा, बाकी वाटेत ठरवलं तरी चालतं.