ठिबकला प्रेशर नाही म्हणून कोणी प्रेशर वाढवणारा बूस्टर पंप गळ्यात मारत असेल तर थांबा

कंपनीचा शर्ट घालून कोणी शेतावर आला आणि "दादा, मोटर थकलीय, बूस्टर लागेल" म्हणाला, तर आधी त्याला फिल्टर उघडायला लावा. माझे 39,250 रुपये गेले. 34,500 बूस्टरचे, 1,950 फिटिंगचे, 2,800 'सर्व्हिस'चे. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद!

डाळिंबाला अंबिया बहार (उन्हाळ्यातला फळांचा हंगाम), एप्रिलचं ऊन आणि शेवटच्या ओळींतले ड्रिपर, म्हणजे झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं, नुसते पाझरताहेत. अशा वेळी कोण चार दुकानं फिरत बसतो? शेततळ्याच्या पाण्याला शेवाळ येणारच, हे मलाही कळतं. पण फिल्टर धुतलाय असं गड्याने सांगितलं होतं.

जीव जळतो तो प्रेशर दाखवणाऱ्या गेजच्या काट्यांवरून. फिल्टरच्या अलीकडचा, मोटरच्या बाजूचा काटा दोन किलो प्रेशरवर, पलीकडचा अर्ध्यावर. मोटर थकली असती तर अलीकडचा दोनवर गेलाच नसता. मी विचारलं तसं. त्या शर्टवाल्याने काचेवर टिचकी मारली, "हा गेज खराब आहे, दादा." तिथेच हाकलायला हवा होता. या दोन काट्यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला तर फिल्टर तुंबलाय, मोटरला हात लावू देऊ नका.

बूस्टर बसला आणि पाणी असं उसळलं की मी त्याला चहा पाजला. नंतर डिस्क फिल्टर उघडला तर आत पाणी गाळणाऱ्या चकत्याच नाहीत! भामट्याने फिटिंग करताना काढून नेल्या. प्रेशर वाढलं ते त्यामुळे. न गाळलेलं शेवाळ थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसलं ते वेगळंच.

विक्रेता म्हणतो, "आमचा माणूसच नाही." मग शर्ट कुठून आला? कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, "संच अनुदानातला आहे का?" अनुदानातला नसेल तर शेतकरी लुटायला मोकळा? पोलीस ठाण्यात तर कहर. "पंप दिलाय ना त्याने? मग फसवणूक कसली?" अर्ज घेतला, पोच मागितली तर "साहेब आल्यावर". साहेब कधी येतात ते कुणालाच ठाऊक नाही.

जीएसटी क्रमांक असलेलं बिल आणि पंपाचा सिरियल नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. लॅटरलची (ओळींतल्या ड्रिपरच्या नळ्यांची) टोकं उघडून गाळ काढा, फुकट होतं.

बायकोच्या फोनवरून त्या भामट्याला फोन लावायला सांगितला. लगेच उचलला. "कुठलं गाव, ताई? उद्या येतो बघायला."