शनिवारची सर्व्हिसिंग आणि ६२ रुपयांची निळी बाटली

गाडीला दोन वर्षं झाली, २१ हजार किलोमीटर. चारही सर्व्हिसिंग शोरूमच्याच वर्कशॉपला आणि चारही वीकेंडला, कारण इतर दिवशी ऑफिसातून हलता येत नाही आणि वॉरंटी आहे तोवर बाहेरच्या गॅरेजला न्यायची हिंमत होत नाही.

लिहायचं निमित्त म्हणजे परवाचं बिल. ७,१४० रुपये. पहिल्या तीन वेळा लेबर फ्री होतं, आता नाही, मान्य. ऑइल, फिल्टर मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तोही बरोबर लावलेला. पण खाली एक ओळ, काच धुवायचं लिक्विड, ६२ रुपये. अहो आदल्या रात्री मी स्वतः ती टाकी गळ्यापर्यंत भरली होती, मुद्दाम, कारण मागच्या तिन्ही बिलांत हेच होतं! भरलेल्या टाकीत ओतलं कुठे? ॲडव्हायझर म्हणाला, "सर, ते बाय डिफॉल्ट येतं." म्हटलं मग बाटली माझ्या हातात द्या, घरी नेतो. पोरगा आत गेला तो वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने आला आणि म्हणे सर, ६२ कमी करून देतो.

बायको म्हणते ६२ रुपयांसाठी वीस मिनिटं घालवलीस. घालवली.

त्यात माझीही चूक की तारीख न बघता १८ ऑक्टोबर घेतली, शनिवार आणि वर धनत्रयोदशी. डिलिव्हरीवर डिलिव्हरी, दर दहा मिनिटांनी नारळ फुटतोय, वॉशिंगची पोरं नव्या गाड्या चकाचक करायला पळवलेली. चार अनोळखी कुटुंबांचे पेढे खाल्ले. गाडी सकाळी ९ ला दिली ती संध्याकाळी ६ ला मिळाली, आणि टायरमध्ये हवा ४०, दरवाजावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं असताना.

इथवर लिहून जुनी बिलं काढली तर दोन गोष्टी कळल्या. एक, पहिल्या बिलात बाटली नाहीये, म्हणजे मागच्या तीन नाही, दोन वेळा. चूक कबूल. दुसरं, तिसरी सर्व्हिसिंग रविवारी पहिल्या स्लॉटला केली होती आणि साडेअकराला घरी होतो, हे मी विसरूनच गेलो होतो! त्या दिवशी पाऊस होता म्हणून मीच वॉशिंग नको म्हटलेलं. खरं काम दीड-दोन तासांचंच असतं हो, बाकी वेळ गाडी धुण्याच्या रांगेत उभी. त्यामुळे सगळाच वीकेंड वाईट म्हणणार नाही, शनिवार वाईट. आमच्या शेजारच्या काकांना भोसरीच्या कंपनीत गुरुवारी सुट्टी असते, ते आरामात जाऊन येतात आणि वर चहा दोनदा मिळाला म्हणून सांगतात.

आणि ते डीकार्बनायझेशन, म्हणजे इंजिनात साचलेला कार्बन साफ करणं, दर वेळी विचारतात, सरळ नाही म्हणा. मला ५ हजार किलोमीटरलाच विचारलं होतं, मी काय गाडी रॉकेलवर चालवतो का?

मेकॅनिकबद्दल मात्र तक्रार नाही. जुना एअर फिल्टर स्वतः आणून दाखवला, आपटून धूळ पाडली, म्हणाला रोज बांधकामाजवळून जाता ना. बरोबर ओळखलं. पुढच्या वेळी रविवार, साडेआठ, वॉशिंग नको, आणि जॉब कार्डवर सही करायच्या आधी ती बाटली खोडून घेणार.