बोटांच्या ठशांवरून मुलांचा स्वभाव सांगणारी चाचणी: आमच्या जुळ्या मुलींचा अनुभव

बोटांचे ठसे घेऊन मुलाचा 'जन्मजात स्वभाव' सांगणारी चाचणी सध्या आमच्या गोव्यातल्या फोंड्यात बरीच चालली आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, करून घ्यावी का? आमच्या दोन्ही मुलींची झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: करू नका. पाचपैकी एक तारा देतो, तो तिथे काम करणाऱ्या मुलींच्या नीट वागण्याबद्दल.

माझ्या वहिनीने वाढदिवसाची भेट म्हणून दोघींची फी भरली होती, प्रत्येकी साडेतीन हजार. शिबिर शाळेच्याच सभागृहात होतं. लॅपटॉपला जोडलेला काचेचा छोटा स्कॅनर, त्यावर प्रत्येक बोट तीनदा ठेवायचं: आधी सरळ, मग डावीकडे कलवून, मग उजवीकडे. पावसाळी दमट हवा, मुलींच्या बोटांना सारखा घाम. ठसा नीट उठला नाही की तिथली ताई काच पुसायची, रुमालाने बोट पुसायची आणि न कंटाळता पुन्हा ठेवायला सांगायची. अहवालही सांगितलेल्या दिवशी हातात आला. जाड कागद, रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग. मात्र सगळा इंग्रजीत, आणि समजावून सांगणारे सर हिंदीत बोलणारे.

अहवालाचं म्हणणं असं की दहा बोटं म्हणजे मेंदूचे दहा भाग. बोटावरच्या रेघा मोजायच्या आणि त्या त्या भागाची ताकद टक्क्यांत मांडायची. मग मुलाला एक पक्षी देतात: गरुड, मोर, कबूतर नाहीतर घुबड. आमची रेवा मोर निघाली. बोलकी, माणसांत रमणारी, पुढारीपण करणारी. मीरा घुबड. एकटीने विचार करणारी, रंगमंच आणि भाषण तिला जमणार नाही, तिला हिशेबाच्या कामाकडे वळवा.

आता मुख्य गोष्ट. रेवा आणि मीरा एकबीज जुळ्या आहेत. सोनोग्राफीत दोघींना मिळून एकच वार दिसली होती, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोघींचा जनुकांचा संच जवळजवळ तंतोतंत एक आहे. ठशांवरून जन्मजात, रक्तातून आलेला स्वभाव कळत असेल, तर दोन अहवाल सारखे यायला हवे होते. आले दोन टोकांचे. मी सरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "हर बच्चा युनिक होता है." ते खरंच आहे, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

माझं औषधांचं दुकान आहे, बी. फार्म.ला थोडं जीवशास्त्र शिकलो होतो. तरी या निमित्ताने पुन्हा वाचायला बसलो. ठशांच्या रेघा गर्भ साधारण तीन महिन्यांचा असताना उमटायला लागतात. बोटाच्या टोकाच्या मध्यावरून, नखाच्या बाजूने आणि पेराच्या घडीकडून रेघांच्या लाटा पसरत येतात, आणि जिथे एकमेकींना भिडतात तिथे नक्षी ठरते. बोट केवढं, त्याचा उंचवटा कसा, लाटा कधी सुरू झाल्या, यावर सगळं अवलंबून. म्हणून एकबीज जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. नक्षीच्या प्रकारावर जनुकांचा परिणाम असतोच, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पुढे आली ती हातापायांची वाढ घडवणारी जनुकं. त्यात स्वभावाचा धागा कुठेच नाही. खुद्द फ्रान्सिस गॉल्टन, ज्याने १८७५ मध्ये जुळ्यांवरून आनुवंशिकता तपासायची कल्पना मांडली आणि १८९२ मध्ये ठशांवर ग्रंथ लिहिला, त्याने ठशांत स्वभाव आणि बुद्धी शोधून पाहिली होती. काही सापडलं नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. दोन्ही विषयांत पाया घालणारा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी जे नाही म्हणून गेला, ते आज शाळेच्या सभागृहात पैसे घेऊन विकलं जातं, याची मला चीड येते.

मग स्वभाव जन्मजात नसतोच का? असतो, बऱ्यापैकी असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७९ पासून मानसशास्त्रज्ञ थॉमस बुशार्ड यांनी तान्हेपणी ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. अशी एकबीज जुळी स्वभावात जवळपास तेवढीच सारखी निघाली, जेवढी एका घरात वाढलेली निघतात. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज मांडली गेली, त्यात स्वभावातल्या फरकांपैकी सुमारे ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. माझ्या मीराचा ४० टक्के स्वभाव माझा आणि बायकोचा, असा त्याचा अर्थ नाही. पुष्कळ माणसं घेतली तर त्यांच्यात एकमेकांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच. आणि ती एक-दोन जनुकं नव्हेत. शेकडो-हजारो, प्रत्येकाचा परिणाम नगण्य. १९९६ मध्ये 'धाडसाचं जनुक' म्हणून गाजलेल्या जनुकाचा दावासुद्धा पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. तेव्हा उद्या कोणी ठशांऐवजी जनुकं तपासायला थुंकीचा नमुना मागितला, तरी एका मुलाचा स्वभाव त्यातून सांगता येणार नाही.

उरलेला भाग परिस्थितीचा, आणि इथे मला सगळ्यात नवल वाटलं. आपण म्हणतो घरचे संस्कार. पण जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास सांगतात की एका घरात वाढल्यामुळे भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. फरक पडतो तो ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवांनी, आणि निव्वळ योगायोगाने. जर्मनीत ४० उंदीर, जनुकांनी एकसारखे, एकाच मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने ठेवले होते. जागा तीच, खाणं तेच. तरी काही सगळीकडे हिंडणारे झाले, काही ठरावीक कोपऱ्यात राहणारे, आणि हा फरक दिवसागणिक वाढत गेला. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

मी आमच्या घरात हेच बघतो आहे. जन्मताना मीरा दोन किलोच्याही खाली होती, काचेच्या पेटीत राहिली. रेवा तेवढ्यात घरी आली, सगळ्यांच्या मांडीवर फिरली. पुढे शाळेत दोघींच्या तुकड्या वेगळ्या. रेवाला नाटकाची आवड असलेल्या बाई मिळाल्या. मीराचा हात मोडला त्या वर्षी ती दुपारभर माझ्या आईजवळ असायची. चवथीला आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधतात तेव्हा कुठलं फळ कुठे, सुपारीचा घोस मध्ये का, आंबाडे कुठल्या दोरीला, हे तीच सांगते. मोठी माणसं ऐकतात, आणि तेव्हा तिचा आवाज अजिबात दबलेला नसतो. नाटकाच्या तालमीत मात्र ती मागे उभी राहते. आता हिला बोलकी म्हणायचं की अबोल?

या चाचणीमुळे झालेलं नुकसान मला इथेच दिसलं. अहवाल आल्यावर मीराने बालनाट्याच्या यादीतून नाव काढायला सांगितलं. "बाबा, माझ्या बोटांतच नाही ते." अकरा वर्षांचं पोर हे म्हणतं, तेव्हा काय वाटतं ते लिहिता येत नाही. तिला मी दोघींचे ठसे शेजारी ठेवून दाखवले, जुळ्यांची गोष्ट सांगितली. वयाप्रमाणे स्वभाव बदलतो, विशीनंतरही माणसं जास्त जबाबदार आणि मनाने स्थिर होत जातात, हेही सांगितलं. तिला थोडं पटलं. नाव तिने पुन्हा घातलेलं नाही, मी आग्रहही केलेला नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी बघावी. मुलांच्या दहाही बोटांचे ठसे या लोकांकडे राहतात. संमतीच्या कागदावर ते कुठे ठेवणार, किती दिवस, काहीच लिहिलेलं नव्हतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ठसे पुसून टाका अशी मी ईमेल केली, उत्तर आलेलं नाही. शिबिराला शाळेची जागा देण्याआधी हे विचारलं जावं, असं पत्र मी पालक-शिक्षक संघाला दिलं आहे. दुसऱ्या शाळांतल्या पालकांना तो मसुदा हवा असेल तर पाठवतो.

मुलाच्या वागण्याची खरोखर काळजी वाटत असेल, तर पणजीजवळ बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे शिकलेली माणसं मुलाशी बोलतात, आईबापांशी बोलतात, आणि मगच काही सांगतात.