पोलो जीटी टीडीआय की फिगो एस? नागपुरात रोज चालवायची तर कोणती घ्यावी

मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. महिन्यातून दोनदा चंद्रपूर. दिवाळीत समृद्धीवरून मुंबई. माझ्या भाच्याचं धावणं हे असं आहे. त्याला डिझेल हवी, हॅचबॅक हवी आणि चालवताना मजाही यायला हवी. नवी घ्यायची तर डिझेल हॅचबॅक म्हणून एकटी टाटा अल्ट्रोझ उरली आहे. म्हणून आम्ही जुन्या गाड्यांकडे वळलो, आणि शेवटी दोनच नावं राहिली: फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय आणि फोर्ड फिगो एस डिझेल.

कागदावर पोलोच पुढे. 2013 साली जीटी टीडीआय आली ती 1.6 लिटर इंजिन आणि 105 पीएस (म्हणजे अश्वशक्ती) घेऊन. पुढे इंजिन 1.5 लिटरचं झालं आणि शेवटच्या गाड्यांत ताकद 110 पीएसवर गेली. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, 250 न्यूटन मीटर. फिगोचं 1.5 लिटर इंजिन 100 पीएस आणि 215 न्यूटन मीटरचं आहे. पण फिगो अंगानं बरीच हलकी, त्यामुळे हा फरक रस्त्यावर आकड्यांइतका जाणवत नाही.

खरा फरक टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, कधी जागा होतो त्यात आहे. पोलोचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पोचलं की मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी सुटते. चंद्रपूरच्या रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग लागते, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये हा जोर फार कामाचा. पण त्याच्या खाली इंजिन सुस्त असतं. संध्याकाळी सहाला सीताबर्डीच्या गर्दीतून निघायचं तर सारखा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. क्लचचा पाय दुखतो. फिगो दुसऱ्या गिअरवर कुरकुर न करता रांगत राहते, आणि पाय दाबला की लगेच उचलते. रोजच्या चालवणाऱ्याला हा गुण ताकदीच्या आकड्यापेक्षा जास्त सुख देतो, असं माझं ठाम मत आहे.

वळणांवर काय? फिगो एस 2017 मध्ये आली तेव्हा तिचं सस्पेन्शन साध्या फिगोपेक्षा कडक केलं होतं आणि टायर 195/55 आर15 असे रुंद दिले होते. चिखलदऱ्याच्या घाटात ही गाडी चालवून बघावी. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, अंग फारसं झुकत नाही, आणि हलकेपणामुळे एका वळणातून दुसऱ्यात जाताना ती चपळ वाटते. पोलो घाटात शांत, पक्की. तिची मजा मोकळ्या रस्त्यावर. समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. त्या वेगात पोलो जमिनीला धरून राहते, स्टिअरिंग जड आणि भरवशाचं वाटतं, आतला आवाजही कमी. फिगोत सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा घूंऽऽ आवाज सतत येतो. तीन-चार तासांनी तो डोक्यात जातो. समृद्धी हेच मुख्य काम असेल तर मी डोळे मिटून पोलो सांगेन. एक मात्र पाळा: मे महिन्यात तिकडे निघायच्या आधी टायरचं वय आणि हवा तपासल्याशिवाय निघू नका, गाडी कुठलीही असो.

आता घरचा हिशेब. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले, रस्ता वर गेला आणि घरांची फाटकं खाली राहिली. रस्त्यावरून अंगणात उतरताना पोट घासायची भीती रोजचीच. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) 165 मिमी, फिगोचा 174. फरक नऊच मिमीचा, पण मागे तिघं बसले की तो कळतो. डिकी पोलोची 280 लिटर, फिगोची 257. म्हणजे एक मोठी बॅग आणि एक संत्र्याची पेटी, दोन्हींत सारखंच. मागच्या सीटवर पोलोत उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, फिगोत बरी जागा आहे. आणि घरात गुडघेदुखीचं माणूस असेल, प्रत्येक फेरीला सोबत येणार असेल, तर या दोन्ही सोडून अल्ट्रोझकडे बघा. तिची दारं 90 अंशात उघडतात, डिकी 345 लिटरची आहे आणि 2020 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळाले. 90 पीएस आणि 200 न्यूटन मीटर, म्हणजे चालवायला या दोघींइतकी तिखट नाही. पण म्हाताऱ्या माणसाला वाकून, कण्हत गाडीत बसावं लागू नये, हे मला घाटातल्या मजेपेक्षा मोठं वाटतं.

सुट्या भागांची काळजी दोन्हीकडे आहे. फोर्डनं 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, पोलोही 2022 मध्ये बंद झाली. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच यांची अडचण नाही. बंपर, दिवे, काचा यांच्यासाठी मात्र वाट पाहायची तयारी ठेवा. म्हणून अपघातात ठोकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा; तो तुटला तर इंजिनच खराब होतं) कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वळता करून मगच बोलणी करा. मला एकदा एका विक्रेत्यानं 'बेल्ट नवाच आहे' असं तोंडी सांगितलं होतं. गॅरेजात झाकण उघडलं तेव्हा त्याला भेगा पडलेल्या होत्या.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. पहिल्यांदा सुरू होताना काळा किंवा निळसर धूर येतो का ते मागे उभं राहून बघा. मग इतवारीच्या एखाद्या गल्लीतून काढा आणि तिथून थेट वर्धा रोडला न्या.

भाच्याला मी फिगो एस सांगितली आहे. सहा दिवस बुटीबोरीची गर्दी आणि घरासमोरचा तो उतार त्याच्या वाट्याला आहे, समृद्धी वर्षातून एकदाच. रविवारी जरीपटक्याला एक 2018 ची गाडी बघायला जाणार आहोत, बेल्टची पावती आहे असं मालक म्हणतो. ताईलाही सोबत नेतोय, मागच्या सीटवर बसून तिचं काय म्हणणं पडतं ते ऐकूनच बयाणा द्यायचा.