निनावी एसएसडीची नाडी: क्रिस्टलडिस्कइन्फो, स्मार्टसीटीएल की स्क्रूड्रायव्हर?

जुन्या लॅपटॉपमधल्या एसएसडीला नाव विचारलं की कधीकधी नुसतं 'एसएसडी १२८जीबी' एवढंच उत्तर येतं. एखाद्याला नाव विचारावं आणि त्यानं 'माणूस' म्हणावं, तशातली गत. कंपनी नाही, मॉडेल नाही, शोध घ्यायला धागा नाही. माझ्याकडे असाच एक लॅपटॉप आहे. त्यातल्या ड्राइव्हला एका प्रोग्रॅमनं 'उत्तम' असं प्रशस्तिपत्र दिलं. दुसऱ्यानं 'हा ड्राइव्ह माझ्या यादीत नाही' असं सरळ सांगितलं आणि नुसते आकडे पुढ्यात टाकले. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटला. का, ते खाली येईलच.

आधी एक वाट बंद करून टाकू. कंपन्यांची स्वतःची साधनं, म्हणजे सॅमसंगचं मॅजिशियन किंवा क्रूशलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, आपापल्या ड्राइव्हपुरतीच कामाची आहेत. ड्राइव्ह कुणाचा हेच माहीत नसताना ती उतरवून घेणं म्हणजे वेळ घालवणं. विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजरही फक्त मॉडेलचं नाव दाखवतं, जे आपल्याला दिसलेलंच असतं. म्हणजे खरी निवड तिघांत आहे: विंडोजवरचं क्रिस्टलडिस्कइन्फो, स्मार्टमॉनटूल्स या संचातलं, टाइप केलेल्या आदेशांवर चालणारं स्मार्टसीटीएल, आणि लॅपटॉप उघडून प्रत्यक्ष चिपा पाहणं.

ओळख पटवायची तर

साटा या जुन्या जोडणीचा ड्राइव्ह स्वतःबद्दल जी माहिती देतो, तिच्यात मॉडेलसाठी ४० अक्षरं, अनुक्रमांकासाठी २० आणि फर्मवेअरसाठी (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमसाठी) ८ अक्षरांची जागा असते. मॉडेलच्या जागी काय लिहायचं हे ड्राइव्ह जुळवणारा ठरवतो. बाजारातून कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) आणि फ्लॅश चिपा (माहिती साठवणाऱ्या) घेऊन कुणीही ड्राइव्ह बांधू शकतो आणि त्याला हवं ते नाव देऊ शकतो. म्हणून मॉडेलवर फार विसंबू नका. फर्मवेअरची आठ अक्षरं जास्त बोलतात. ती 'एसबीएफ' या अक्षरांनी सुरू होत असतील तर कंट्रोलर बहुधा फायसन या कंपनीचा आहे. आणि मॉडेलच्या जागी अचानक 'साटाफर्म एस११' असं नाव दिसू लागलं तर तो नवा ब्रँड नव्हे. फायसनच्या एस११ कंट्रोलरला आपलं फर्मवेअर धड वाचता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा ड्राइव्हवरच्या डेटाची आशा तेव्हाच कमी झालेली असते.

क्रिस्टलडिस्कइन्फो मॉडेल, फर्मवेअर आणि अनुक्रमांक एका खिडकीत नीट मांडून दाखवतं. जोडणीचा वेगही तिथेच दिसतो. ड्राइव्ह ६ गिगाबिटचा असून सध्या ३ वर चालला असेल तर दोष ड्राइव्हचा नाही, बहुधा जुन्या लॅपटॉपच्या साटा-२ पोर्टचा आहे. मग वाचनाचा वेग सेकंदाला २८० मेगाबाइटच्या आसपास अडकतो, तो काही केल्या वाढत नाही.

स्मार्टसीटीएल याच्या एक पाऊल पुढे जातं. ते ड्राइव्हचा डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे जगभरात एकमेव असा ओळखक्रमांक, तुकडे पाडून छापतं. सुरुवातीचा आकडा ५, त्यानंतरची सहा चिन्हं निर्मात्याची. ही सहा चिन्हं आयट्रिपलई ही संस्था कंपन्यांना वाटून देते. ००२५३८ दिसलं तर सॅमसंग, ००ए०७५ दिसलं तर मायक्रॉन किंवा तिचाच क्रूशल. लॅपटॉप कंपनीनं वर स्वतःचं स्टिकर लावलं असलं तरी घराणं असं उघड होतं. या जागी सगळी शून्यंच असतील किंवा ओळच नसेल, तर ड्राइव्ह बांधणाऱ्यानं तेवढीही तसदी घेतलेली नाही. हेही एक उत्तरच झालं.

स्क्रूड्रायव्हरचा मान इथेच. आत पाहिल्याशिवाय कंट्रोलरचं नाव खात्रीनं कळत नाही. अडीच इंची ड्राइव्हच्या डबीत बहुतेकदा डबीच्या निम्म्याहून लहान पाटी निघते. त्यावर एक चौकोनी कंट्रोलर आणि दोन-चार फ्लॅश चिपा. त्यावरचे छापील क्रमांक शोधले की बहुतेक कोडं सुटतं. एमसाटा (छोटे साटा ड्राइव्ह) आणि मिनी पीसीआय एक्स्प्रेस (वायफायसारखी कार्डं) यांचा आकार आणि कनेक्टर सारखाच असतो, त्यामुळे जागा दिसली म्हणून दुसरा ड्राइव्ह चालेलच असं नाही. एम.२ या पट्टीसारख्या ड्राइव्हमध्येही साटा आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असे दोन प्रकार आहेत. एक खाच की दोन, हे पाहून अंदाज येतो, खात्री मात्र सॉफ्टवेअरच देतं. तरी निव्वळ कुतूहलापोटी लॅपटॉप उघडा, असं मी म्हणणार नाही. जुन्या लॅपटॉपच्या प्लास्टिकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात आणि पट्टीसारख्या केबल नाजूक. बॅटरी बदलायची असेल किंवा पंख्यातली धूळ काढायची असेल, तेव्हा सोबत हेही उरकून घ्यावं.

(लहानशा स्वस्त लॅपटॉपमध्ये '३२जीबी एसएसडी' म्हणून जे असतं ते पुष्कळदा ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली साधी मेमरी, निघतं. त्याला स्मार्ट तपासणी, म्हणजे ड्राइव्हनं स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी वाचणं, लागूच नसते. लिनक्समध्ये त्याच्या झिजेचा अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत मिळतो, तोही ईएमएमसी ५.० किंवा पुढचा असेल तरच.)

तब्येत पाहायची तर

ड्राइव्ह एनव्हीएमई असेल तर वाद मिटला. झीज किती टक्के झाली, राखीव जागा किती उरली, किती लिहिलं गेलं, किती वेळा वीज अवचित गेली, हे सगळं कोणत्या खान्यात ठेवायचं ते एनव्हीएमईच्या नियमावलीनंच ठरवून दिलंय. लिखाणाचं एककही ठरलेलं: प्रत्येक आकडा ५,१२,००० बाइटचा. कंपनी अनोळखी असली तरी कोणताही प्रोग्रॅम हे वाचू शकतो. मग सोपं म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फोच घ्या.

पण जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा साटा असतो, आणि साटाच्या जगात प्रत्येकाची चूल वेगळी. स्मार्टच्या खान्यांना क्रमांक आहेत, पण पुष्कळ खान्यांत काय भरायचं हे ज्याचं त्यानं ठरवलंय. २३३ हा खाना घ्या. इंटेलच्या ड्राइव्हमध्ये तो झीज दाखवतो आणि १०० वरून खाली उतरतो. सँडफोर्सच्या कंट्रोलरवर तोच खाना फ्लॅशवर किती लिहिलं गेलं ते मोजतो आणि वाढत जातो. २३१ कित्येक एसएसडींत उरलेलं आयुष्य असतं, तर काही हार्ड डिस्कमध्ये तापमान. सॅमसंगची झीज १७७ मध्ये, क्रूशलची २०२ मध्ये.

प्रशस्तिपत्राची गोम इथे आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो 'उत्तम ९७ टक्के' असं निळ्या चौकटीत दाखवतं, ते ड्राइव्ह कुणाचा हे आधी ओळखून, मग त्याचा आयुष्याचा खाना निवडून. ओळखीच्या ड्राइव्हसाठी हा अंदाज छान लागतो. ओळख चुकली तर शेजारचा खाना आयुष्य म्हणून दाखवला जाऊ शकतो. ओळख पटलीच नाही तर 'उत्तम'चा अर्थ एवढाच उरतो, की घाबरावं असं काही मला सापडलं नाही. स्मार्टसीटीएलही यादीवरच चालतं, पण ड्राइव्ह यादीत नसेल तर ते तसं पहिल्याच भागात लिहितं आणि अनोळखी खान्यापुढे 'अनोळखी' असंच छापतं. निनावी ड्राइव्हसाठी मला हा प्रामाणिकपणा रंगीत चौकटीपेक्षा मोलाचा वाटतो. त्याची यादी वेळोवेळी नवी होते, तेव्हा निकाल लावण्याआधी ती ताजी करून घ्या. जुन्या यादीला अनोळखी असलेला ड्राइव्ह नव्या यादीला ठाऊक असू शकतो.

टर्मिनलचा तिटकारा असेल तर जीस्मार्टकंट्रोल आहे. आत स्मार्टसीटीएलच, वर खिडक्या आणि बटणं, विंडोजवरही चालतं.

क्रिस्टलडिस्कइन्फोच वापरणार असाल तर एक सेटिंग आधी बदला. ते मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दाखवतं. ८,००० तास तिथे '१एफ४०' असे दिसतात, आणि त्या अक्षरांनी भलेभले गोंधळतात. प्रगत पर्यायांमध्ये दशमान निवडलं की आकडे माणसात येतात.

२४१ या खान्यात बहुधा एकूण लिखाण असतं, पण कोणत्या एककात ते ड्राइव्हगणिक बदलतं. हे घरबसल्या शोधता येतं. आकडा टिपा, १० जीबीची व्हिडिओ फाइल ड्राइव्हवर उतरवा, थोड्या वेळानं पुन्हा आकडा पाहा. वाढ सुमारे २ कोटी १० लाख असेल तर एकक ५१२ बाइटचा सेक्टर. ३२० च्या आसपास असेल तर ३२ एमबी. नुसती १० असेल तर एक जीबी. आकडा हललाच नाही, तर त्या खान्यात दुसरंच काही आहे किंवा तो शोभेचा आहे. शोभेचे खाने स्वस्त ड्राइव्हमध्ये बरेच सापडतात. उन्हाळा-हिवाळा तापमान एकाच आकड्यावर खिळलेलं दिसलं तर तिथे सेन्सरच नाही असं समजा.

चालू तास आणि फर्मवेअर एकत्र वाचा

९ क्रमांकाचा खाना, म्हणजे चालू तास, लोक 'किती वापरलाय' एवढ्यापुरता पाहतात. त्यात आणखी एक अर्थ दडलेला असू शकतो. क्रूशलच्या एम४ ड्राइव्हमध्ये चूक होती: ५,१८४ तास भरले की ड्राइव्ह प्रतिसाद देणं थांबवायचा, लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तासाभरानं पुन्हा तेच. जानेवारी २०१२ मधल्या ०३०९ या फर्मवेअरनं ती दूर झाली. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या काही सर्व्हर ड्राइव्हबद्दल सांगितलं, की ३२,७६८ तास झाले की ते कायमचे बंद पडतील, डेटासकट. दोन्ही बाबतीत झिजेचा काही संबंध नव्हता. तब्येत उत्तम दाखवणारा ड्राइव्हही त्याच तासाला कोसळला असता. म्हणून घराणं कळलं की पहिलं काम नव्या फर्मवेअरचा शोध. घराणं कळलंच नाही तर फर्मवेअरच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याचं फर्मवेअर घालून चालता ड्राइव्ह मारल्याची उदाहरणं कमी नाहीत.

नजर ठेवायची तर

क्रिस्टलडिस्कइन्फो पडद्याच्या कोपऱ्यात बसून राहतं आणि बिघाड दिसला की सूचना देतं. लिनक्समध्ये हेच काम स्मार्टडी करतं, न सांगता दर ३० मिनिटांनी. दोन्ही चांगले, पण दोघेही धोक्याची खूण ओळखतात ती मुख्यतः ओळखीच्या खान्यांतून. अनोळखी ड्राइव्हला मी वेगळं औषध लावतो: महिन्यातून एकदा स्मार्टसीटीएलचा पूर्ण अहवाल तारखेसह एका फाइलमध्ये ठेवायचा आणि मागच्या अहवालाशी ताडून पाहायचा. खान्याचं नाव माहीत नसलं तरी काय हललं ते दिसतं. महिनोन्महिने शून्यावर असलेला खाना एकदम वाढू लागला, तर त्याचं बारसं नंतर करा, बॅकअप आधी.

ओळखीच्या खान्यांपैकी ५ म्हणजे बदली दिलेले ब्लॉक. तो स्थिर असेल तर चिंता नाही, दर महिन्याला चढत असेल तर ड्राइव्ह बदलायच्या तयारीला लागा. १९९ वाढला तर मात्र ड्राइव्हला दोष देऊ नका. तो खाना ड्राइव्ह आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडल्याचं सांगतो. जुन्या लॅपटॉपमध्ये सैल कनेक्टर किंवा पिचलेली केबल हे त्याचं नेहमीचं कारण. दुरुस्तीनंतर हा आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. १७४ किंवा १९२ मध्ये बहुधा अवचित वीज गेल्याची नोंद असते. बॅटरी मेलेला लॅपटॉप प्लगवरच चालवत असाल तर तो झपाट्यानं वाढेल. स्वस्त एसएसडींना झिजेपेक्षा हे अधिक घातक, आणि इलाज ड्राइव्ह बदलणं नसून बॅटरी बदलणं.

मग कुणी काय घ्यावं

विंडोज चालू आहे आणि ड्राइव्हचं नाव ओळखीचं निघालं, तर क्रिस्टलडिस्कइन्फो पुरे. नाव निनावी असेल, किंवा विंडोज चालूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू (पेनड्राइव्हवरूनच चालू होणारं लिनक्स) घ्या. त्यात स्मार्टसीटीएल आधीच असतं आणि लॅपटॉपच्या ड्राइव्हवर काही बसवावं लागत नाही. ड्राइव्ह बाहेर काढून यूएसबी डबीतून तपासायचा बेत असेल तर तो शेवटी ठेवा. काही डब्या स्मार्टचे आदेश पलीकडे पोचवतच नाहीत, आणि आपण समजतो ड्राइव्हच मुका आहे.

ड्राइव्ह सेकंडहँड असेल आणि त्यात अजून काही ठेवलं नसेल, तर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हा चाचणी प्रोग्रॅम वापरून तो एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहा. २५६ जीबी म्हणून दिलेल्या डबीत मेमरी कार्ड चिकटवलेलं असू शकतं, आणि हा खोटेपणा स्मार्टच्या कुठल्याही खान्यात दिसत नाही.