कासव, गेको, ड्रॅगन की अजगर: सोडून दिलेल्यांपैकी घरी कुणाला आणावं?

रेस्क्यू सेंटरमध्ये पाय ठेवला की बहुतेकांची नजर आधी बिअर्डेड ड्रॅगन नावाच्या सरड्यावर जाते. तो मान तिरकी करून बघतो, हात पुढे केला तर तळव्यावर चढून निवांत बसतो, आणि समोरचा माणूस तिथेच विरघळतो. पलीकडच्या टाकीतली लाल कानांची कासवं मात्र कधी संपतच नाहीत. दोन गेली की चार येतात. असे नकोसे झालेले सरपटणारे प्राणी मी बरीच वर्षं घरी तात्पुरते सांभाळतेय. दत्तक घ्यायला आलेल्यांना "कुठला आवडला?" असं मी विचारत नाही. याला आधीच्या माणसाने का सोडलं आणि तेच कारण तुमच्याही घरात बसलंय का, हे विचारते. गंमत म्हणजे प्रत्येक जातीचं सोडून देण्याचं कारण जवळपास ठरलेलं असतं. म्हणून तुलना तिथूनच सुरू करू.

लाल कानांचं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, सोडलं जातं ते वाढतं म्हणून. विकत घेताना ते तळहातावरच्या नाण्याएवढं असतं. मादीचं कवच पुढे २५ ते ३० सेंमी होतं, आणि ती वीस-तीस वर्षं सहज जगते. ढोबळ हिशेब असा, की कवचाच्या दर अडीच सेंमीमागे साधारण ४० लिटर पाणी. म्हणजे मोठ्या मादीला निदान ४०० लिटर! एवढ्या पाण्याचं वजनच ४०० किलो, काच आणि स्टँड वेगळं. शिवाय मासे पाळणारे वापरतात तो फिल्टर इथे पुरत नाही. टाकीच्या किमान दुप्पट पाण्यासाठी बनवलेला घ्यावा लागतो, नाहीतर चार दिवसांत घरभर वास.

माझ्याकडे एक मादी आली होती, दोन्ही डोळे सुजून गच्च मिटलेले. मालकाला वाटलं, ती आंधळी झाली. तिला पिल्लू असल्यापासून फक्त सुकी कोळंबी मिळाली होती, आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने पापण्या सुजल्या होत्या. पशुवैद्यांच्या उपचाराने आणि आहार बदलल्यावर तीन आठवड्यांनी एक डोळा किलकिला झाला. कासवाला दिसल्याशिवाय ते खात नाही आणि खाल्ल्याशिवाय डोळे सुधारत नाहीत, त्यामुळे ते तीन आठवडे फार लांबले. पुढच्या उन्हाळ्यात तीच बाई रात्रंदिवस काच खरवडायला लागली. तिला अंडी घालायची होती. नर नसला तरी माद्या अंडी घालतात, आणि उकरायला ओल्या मातीची जागा नसली तर ती पोटातच अडकू शकतात. मी एका टबात माती भरून तिला रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी माती पुन्हा नीट थापलेली होती आणि बाईसाहेब कोपऱ्यात झोपल्या होत्या.

"जमलं नाही तर तळ्यात सोडू" हा पर्याय डोक्यातून काढून टाका. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयातच थांबवली. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकता येत नाही. त्यामागचं कारण साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जिवाणू, कारण लहान मुलं ती पिल्लं तोंडात घालायची. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा फार वयस्कर माणूस असेल, तर या लेखातला कुठलाच प्राणी सध्या आणू नका. बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत, आणि टाकीतली भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नेऊ नयेत.

लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाल, सोडली जाते ती कंटाळ्यापोटी. "दिवसभर झोपते, काही करत नाही" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता हसू येतं. संध्याकाळी उठणारा प्राणी आहे तो, करणार काय? बाकी मागणं थोडकं: ९० सेंमी लांबीची काचपेटी, एका बाजूला ३१-३३ अंश तापलेली फरशी, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट, आणि लपायला तीन जागा. त्यातली एक ओलसर. ही ओलसर जागा उगाच नाही बरं का. ती नसली की कात बोटांवर अंगठीसारखी अडकते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. सेंटरमधली गेको घेताना आधी बोटं मोजा, मग शेपूट बघा. शेपूट म्हणजे तिचा चरबीचा साठा. ती काडीसारखी असेल तर विष्ठेची तपासणी झाल्याशिवाय घरी नेऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला परजीवी निघाला तर त्यावर खात्रीचा इलाज नाही. आयुष्य १५ ते २० वर्षं. अडचण एकच, खाणं जिवंत किड्यांचं. झुरळांचा डबा घरात ठेवायला कुटुंबाची तयारी हवी, आणि किड्यांना कॅल्शियमची पूड लावायला विसरून चालत नाही.

ड्रॅगनची अडचण दिव्यांची. त्याला ऊन खाण्याची जागा ३८ ते ४२ अंशांची लागते, वर यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, आणि निदान १२० सेंमी लांबीची पेटी. ट्यूबमधलं यूव्ही हळूहळू संपतं, प्रकाश मात्र दिसत राहतो. मालक म्हणतो, "दिवा चालू होता हो." चालू होता, पण वर्षभरात बदलला नव्हता. मग हाडं मऊ होतात, पाय थरथरतात, जबडा रबरासारखा वाकतो. हे झालेले ड्रॅगन आमच्याकडे खूप येतात, आणि त्यांतले काही दत्तक जातातही. पण वाकलेली हाडं परत सरळ होत नाहीत. मोठ्या ड्रॅगनचं जेवण मुख्यतः पालेभाजी, म्हणजे रोज चिरणं आलं. माणसाळण्यात मात्र याचा हात कुणी धरत नाही. दहा-पंधरा वर्षं जगतो, म्हणजे चौघांत सर्वांत कमी.

बॉल पायथन, म्हणजे आपला अजगर, सोडला जातो दोन कारणांनी. घरचे घाबरतात हे एक, आणि तो जेवायचा थांबतो हे दुसरं. पहिल्यावर माझ्याकडे औषध नाही. दुसरं बहुतेक वेळा आजारपण नसतंच. धडधाकट मोठा अजगर महिनोन्‌महिने उपास करू शकतो. वजन टिकून आहे ना, एवढं दर आठवड्याला काट्यावर बघायचं. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल किंवा खवल्यांत काळे ठिपके, म्हणजे गोचिडासारख्या किडी, फिरताना दिसल्या, तर मात्र तडक पशुवैद्य. याला १२० सेंमीची पेटी, गरम बाजू ३२ अंश आणि ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा पुरतो. खायला आधीच मारून गोठवलेले उंदीर. ते तुमच्या फ्रीजरमध्ये राहणार, हे घरात आधी बोलून घ्या. आयुष्य? सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. पंधराहून जास्त वर्षं ती नराच्या जवळही गेलेली नव्हती. सगळे इतके जगत नाहीत, पण तीस वर्षं धरून चाला.

आता गावाला जायची वेळ आली तर? आठवडाभरासाठी अजगराला फक्त पाणी आणि कुणीतरी थर्मोस्टॅट बघणारा लागतो. धष्टपुष्ट गेको चार-पाच दिवस तशीच राहते. ड्रॅगनला रोज पाला हवा, आणि कासवाचं पाणी सांभाळायला तर जाणकार माणूसच हवा. हाताळण्याचा क्रम लावायचा तर ड्रॅगन, अजगर, गेको, आणि कासव सर्वांत शेवटी. त्याला उचललेलं आवडत नाही, नखं मारतं. त्याला बघायचं असतं, हातात घ्यायचं नसतं.

माझं मत सरळ सांगते. पहिल्यांदाच आणत असाल तर गेको. उंदरांची किळस नसेल आणि घरचे तयार असतील तर अजगर, किंबहुना रोजचं काम त्याचंच सर्वांत कमी. दिवसा घरी असाल आणि दिव्यांचं वेळापत्रक पाळणार असाल तर ड्रॅगन. कासव मात्र जागा असलेल्यानेच घ्यावं, आणि अशा माणसाची आम्ही वाटच बघत असतो. इग्वाना हा मोठा सरडा दिसला तर लांबूनच नमस्कार करा. दीड मीटरचा, स्वतंत्र खोली मागणारा, विणीच्या दिवसांत मालकावरच धावून जाणारा नर सांभाळणं हे अनुभवी लोकांचं काम आहे.

सेंटरऐवजी कुणी थेट हातात देत असेल तर ते स्वस्त आणि झटपट पडतं, पेटी-दिवेही सोबत येतात. पण तपासणी झालेली नसते आणि परतीचा रस्ता नसतो. शिवाय कागद नसतील तर प्राणी कायद्याने ठेवता येतो की नाही, हे शोधणं तुमच्यावर येतं. तारा कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंदी आहे, आणि ती तरीही "मित्राने दिलंय" म्हणून फिरत असतात. थेट घेतलंच तर जुने दिवे वापरू नका, आणि घरात दुसरा सरपटणारा प्राणी असेल तर नव्याला निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्या-भांड्यांसह ठेवा.

आमच्या अर्जावर शेवटचा रकाना असतो: तुम्हाला जमेनासं झालं तर हा कुणाकडे जाईल? बरेच जण तिथे "तशी वेळ येणार नाही" लिहितात. तो अर्ज आम्ही परत देतो. नाव लिहून आणा म्हणतो, आणि त्या नावाच्या माणसाला एकदा फोनही करतो.